बनूआत्याचं बेसन

बनूआत्याच्या तोंडात काड्या असल्या की गाव निवांत असायचं. ती पत्रावळ्या लावायची. मांडीवर पळसाची पानं आणि ती टाचायच्या बारीक काड्या ओठांत धरलेल्या. एक काडी ओढायची, पानाला टोचायची, की दुसरी. तोंड भरलेलं असल्यामुळे बोलता यायचं नाही. पण मधेच तिने सगळ्या काड्या काढून पदरात ठेवल्या की समोरच्याने ओळखावं, आता आपलं काही खरं नाही.

मी इस्लामपूरकडची. उसाच्या पाटात पाय सोडून वाढले, चौथी पास झाले आणि लग्न होऊन म्हसवडच्या आतल्या या माळावर आले. इथे पाणी हंड्यात बघायचं. नवरा पलटणीत, वर्षाला एकदा सुट्टीवर यायचा. घरात सासू-सासरे. घराच्या समोरच खंडोबाचं देऊळ आणि देवळाच्या पडवीत बनूआत्या. तिचा नवरा गुरव होता. तो मेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा देवाची पूजा तिने स्वतःच चालू ठेवली. बाईने देवाला हात लावायचा म्हणजे काय, असं गावात काही जण म्हणाले. ती म्हणाली, "म्हाळसा काय बाप्या हाय व्हय? ती रोज शेजारी बसती त्याच्या." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. गुरवकीचं म्हणून देवाचं थोडं रान होतं, त्यावर तिचं पोट चालायचं. गावातल्या सगळ्या सुना तिला आत्या म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायची.

देवाला अंघोळ घालताना ती त्याच्याशी भांडायची. "हात वर कर. सारा गाव तुझ्याकडं मागाय येतो, तुला सोताला काय हवं नको इचारतं का कोन? मीच एक खुळी हाय." असं चालायचं. भक्तीचं सोंग तिला करता येत नव्हतं. दुसऱ्याने केलेलं ओळखता यायचं.

मतं तिला प्रत्येक गोष्टीवर होती. गावात पहिला ट्रान्झिस्टर आला तेव्हा माणसं पारावर गोळा होऊन ऐकायची. ती म्हणायची, "पाऊस पडला म्हनून सांगतंय, पर कुनाच्या रानात ते सांगत न्हाई." स्टीलची भांडी आली, कल्हईवाल्याचं येणं बंद झालं, तेव्हा म्हणाली, "भांड्याला आता कल्हई नको. मानसालाच वरचेवर लागती." दहिवडीच्या कोर्टाबद्दल तिचं म्हणणं असं, की ज्या न्यायाला येष्टीचं भाडं पडतं तो पैसेवाल्यालाच मिळतो. कुटुंबनियोजनवाले देवळाच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढायला आले तर सगळ्यांना वाटलं ही आता त्यांना हाकलणार. तिने काड्या काढल्या आणि म्हणाली, "काढा. पर बाप्याच्या डोळ्याम्होरं येईल असा वर काढा. बायांस्नी आधीच ठावं हाय." रंगवणारा हसला, पण त्रिकोण त्याने वर काढला. 

बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ तलावाचं काम निघालं. सगळ्या जातीच्या बाया उन्हात खडी फोडायच्या आणि तान्ही पोरं ढिगाऱ्याच्या सावलीला. तिथे सावली अशी नव्हतीच. एका सकाळी बनूआत्या कामावर आली आणि बायांना म्हणाली, "पोरं देवळात आणून टाका." दुपारपर्यंत सभामंडपाच्या खांबाखांबाला झोळ्या लागल्या. त्यात महारा-मांगांचीही पोरं होती. त्या दिवसापर्यंत त्यांच्या आयाबापांना पायरीवरूनच नमस्कार करावा लागायचा.

बापूराव सरपंच धावत आले. जाडसर माणूस, पांढरं धोतर, बोलताना मिशीवर बोट.

"बनूबाई, इचारलं कुनाला?"

"देवाला. कौल लावला. उजवा आला."

आमच्याकडे देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतात. उजवीकडचं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावीकडचं पडलं तर नाही.

"आमच्या देखत लाव."

"आवं, देव काय तलाठी हाय व्हय, रोज उठून उतारा द्यायला? एकदा सांगितलं त्यानं."

सरपंच झोळ्यांकडे बघत उभे राहिले. एक पोर रडायला लागलं. तिने सरपंचांना सांगितलं, "झोका द्या जरा, माझं हात पानानं भरल्यात." झोका त्यांनी दिला नाही. पण झोळ्या दुष्काळ संपेपर्यंत तशाच राहिल्या. कौल लावलाच नव्हता हे मला ठाऊक होतं. मी त्या सकाळी तिथेच अंगण झाडत होते, आणि देवाच्या खांद्यावर फूल नव्हतं.

आता भंडाऱ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्याकडे कुणावर आळ आला की त्याला देवळात आणून भंडारा उचलायला लावायचे. बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायचा, खरं ते बोलायचं, मग भंडारा कपाळाला लावायचा आणि चिमूटभर जिभेवर ठेवायचा. खोटं बोलला किंवा दिलेला शब्द मोडला तर डोळे जातात, गुरं मरतात, घरात पाळणा हलत नाही. हे सगळे मानायचे. मीही मानत होते. भंडाऱ्याचं ताट धरायचा मान गुरवाचा. म्हणजे बनूआत्याचा.

एकदा सरपंचांच्या घरातलं डोरलं गेलं. भांडी घासणाऱ्या सखूवर आळ आला. तिला देवळात आणलं. तिचा हात इतका कापत होता की भंडारा खाली सांडला. सगळे म्हणाले, बघा, हीच. सरपंचांच्या पुतण्यानेही भंडारा उचलला. त्याचा हात दगडासारखा स्थिर. पुढे ते डोरलं म्हसवडच्या सोनाराकडे निघालं, आणि विकणारा तोच पुतण्या होता. त्याचे डोळे गेले नाहीत. म्हशीही चांगल्या दूध देत होत्या. सखूचं काम मात्र गेलं ते गेलंच.

त्यानंतर बनूआत्या म्हणायला लागली, "मी ताट धरती, मला हात दिसत्यात. गरिबाचा हात कापतो आनि चोराचा न्हाई. ही आन फकस्त भिनाऱ्याला बाधती. मग ह्यो न्याय कसला? ह्यो तर चाबूक हाय, आनि देवाच्या हातात दिलाय फुकटचा."

माझी सासू म्हणाली, "आसं बोलू नगंस बने, पाप लागंल."

"लागू दे. माझं मी बघती."

दुष्काळ सरल्यावर ग्रामपंचायतीची निवडणूक आली. सरकारने गावाला नळ दिला होता, तो सरपंचांच्या चौकात येऊन थांबला होता. आम्ही खालच्या आळीच्या बाया अजून ओढ्याकाठच्या विहिरीवर जायचो. मधे चढ आहे, डोक्यावर हंडा घेऊन तो चढायचा. यंदा पलटणीतून पेन्शनीवर आलेला एक सुभेदार सरपंचांच्या विरुद्ध उभा राहिला. नळ खालच्या आळीत आणतो म्हणाला. आळी त्याच्या बाजूला गेली, हे सरपंचांना कळलं.

मग त्यांनी काढलेली युक्ती नवी नव्हती. आजही चालते. परवाच आमच्या दारात चौघे जण नारळ आणि भंडाऱ्याची पुडी घेऊन मत मागायला आले होते. सरपंचांनी मतदानाच्या आधीच्या रविवारी खालची आळी देवळात बोलावली, बाया-बापे दोन्ही. मत त्यांनाच देणार म्हणून सगळ्यांनी भंडारा उचलायचा. एकदा उचलला की पेटीजवळ एकटं असलं तरी हात दुसरीकडे जायचा नाही.

बनूआत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभी होती.

"मताला भंडारा न्हाई द्यायची," ती म्हणाली. "मत गुपित असतं. सरकारनं पडदा लावलाय त्याला. तुमी देवाला पडद्याआड डोकवाय लावताय."

सरपंच शांतपणे म्हणाले, "बरं. मग चावी ठिव. तुझ्या दिराचा ल्योक तयार हाय गुरवकीला. रानाचं बी त्यो बघंल."

तिच्या दिराचा मुलगा तिथेच खांबाला टेकून उभा होता. डोकं खाली, पण कान इकडे. बनूआत्याने त्याच्याकडे पाहिलं, सरपंचांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आणि आत गेली. बाहेर आली ती भंडाऱ्याचं ताट घेऊन.

एकेक जण पुढे गेला. माझे सासरे गेले, सासू गेली, मी गेले. बेलाचं पान घेतलं, सरपंचांचं नाव घेतलं, चिमूट जिभेवर ठेवली. हळदीचा कडवटपणा टाळूला चिकटून राहिला. सरपंचांनीही सगळ्यांच्या समोर चिमूटभर तोंडात टाकला, आणि मिशीवर बोट फिरवलं.

बाहेर पडताना रखमा, आमच्या आळीतली सगळ्यात फटकळ बाई, हळूच म्हणाली, "आत्या बी वाकली गं." मलाही तसंच वाटलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर होतो. बनूआत्या चढ उतरून आली. तिला पाणी देवळाच्या आडातून मिळायचं, इकडे यायचं काही कारण नव्हतं. हातात घागर नव्हती. तोंडात काड्या नव्हत्या.

"का गं, रविवारी काय चाटलंसा?"

रखमा म्हणाली, "भंडारा. तुमीच दिलासा की."

"बेसन व्हतं," ती म्हणाली. "झुनक्याला दळून आनलेला डबा गाभाऱ्यात ठिवला व्हता. घाईत त्यात हात गेला. आत्ता सकाळी डबा उघडला तवा कळलं. बेसनाची आन लागत न्हाई. सांगून ठिवती, मागनं म्हनाल म्हातारीनं सांगितलं न्हाई."

आम्ही सगळ्यांनी चाटलेलं होतं. ज्या बाया रोज भाकरी थापतात आणि हळद-मिठाचं कालवण करतात, त्यांना कच्च्या बेसनाची आणि हळदीची चव कळत नाही असं म्हणायचं असेल तर म्हणावं. आम्ही एकमेकींची तोंडं बघत होतो. रखमाने हंडा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तरीच म्हनलं, जिभेला पिठूळ लागतंय."

"मला बी," दुसरी म्हणाली. "दाताला चिकाटलं व्हतं."

माझी सासू, जी पापाला सगळ्यांत जास्त भ्यायची, ती उभी होती. मला वाटलं ही आता बोलणार. ती म्हणाली, "रामपारी तोंड धुतलं तवा पानी पिवळं आलं. म्हनलं हे काय. बेसनच की." मग तिने रहाट ओढायला घेतला. 

दुपारपर्यंत ते सगळ्या गावात पसरलं. संध्याकाळी सरपंच देवळात आले, मागे माणसं. आम्ही आमच्या दारात उभ्या.

"बनूबाई, मी सोता चाटलंय. कडूजहार व्हतं."

"तुमचं त्वांड आधीच कडू आसंल."

हसू आलं तरी कुणी मोठ्याने हसलं नाही. सरपंचांनी आजूबाजूला पाहिलं. आमच्याच आळीतला म्हादू धनगर पायरीवर कांबळं टाकून बसला होता, रविवारी त्यानेही उचलला होता. म्हादूची ख्याती अशी, की बकरं विकतानाही त्याचा दोष आधी सांगायचा. बाजारात लोक त्याच्या शब्दावर जनावर घ्यायचे. सरपंच त्याच्याकडे वळले.

"म्हादबा, तुमी सांगा. तुमी तर खोटं बोलत न्हाई. काय व्हतं ते?"

म्हादूने कांबळ्याची एक दशी तोडली.

"बेसन," तो म्हणाला. "मीठ कमी व्हतं."

मग मात्र सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीने सुभेदाराला मतं दिली. सरपंच पडले. नळ आला का? आला, पण दीड वर्षाने, आणि आळीच्या अर्ध्यातच संपला. सुभेदाराचं घर त्या अर्ध्यात होतं. बनूआत्या म्हणाली, "ठीक हाय. आता ह्येला पाडू."

पण तिला त्याआधीच किंमत द्यावी लागली होती. बापूराव सरपंच पडले तरी गावातलं त्यांचं वजन पडलं नव्हतं. निकाल लागल्यावर त्यांनी देवळात बैठक बोलावली. सुभेदारही होता. त्याला ही बाई नकोशी झाली नव्हती, पण देवाच्या कामात आपण कशाला पडा, असा त्याचा चेहरा.

बापूराव म्हणाले, "देवाच्या ताटात बेसन घालून गुरविनीनं देवाची चेष्टा केली. गुरवकी तिच्याकडं ठिवायची का ह्ये गावानं सांगावं. मी अन्याय करत न्हाई. तिला एक संधी देतो. बनूबाई, सांग सगळ्यांम्होरं, ताटात भंडारा व्हता. तेवढं बोल. चावी तुझी, रान तुझं."

हा माणूस मूर्ख नव्हता. ती हो म्हणाली तर आम्ही सगळ्यांनी आण मोडली असं ठरत होतं. मग त्यानंतर कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर तापलं, तर प्रत्येक घर बापूरावांच्या पायावर येऊन पडलं असतं. ती नाही म्हणाली तर तिची भाकरी जात होती. ताटात काय होतं ते तिथल्या प्रत्येकाच्या जिभेला माहीत होतं. बापूरावांच्याही.

तिने भिंतीकडे, आमच्याकडे पाहिलं. बाया तिथे उभ्या होत्या, काही जणींच्या कडेवर पोरं. त्यातली काही दुष्काळात त्याच खांबांना झोळीत झोपलेली.

"बेसन," ती म्हणाली. आणि कमरेची चावी काढून नंदीच्या पुढे ठेवली.

दिराच्या मुलाने ती उचलली. त्याचा हात कापत नव्हता.

त्यानंतर ती देवळामागच्या खोलीत राहिली आणि पत्रावळ्यांवर जगली. गावात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, पत्रावळ्या तिच्याकडूनच. उपकार म्हणून नाही. तिच्या पत्रावळीतून आमटी गळायची नाही. बापूरावांच्या नातीच्या लग्नातही तिच्याच होत्या. पोचवायला ती स्वतः गेली आणि म्हणाली, "मोजून घ्या, मागनं बेसन निघालं म्हनाल."

मग तिचा एक डोळा गढूळ झाला. गावात कुजबुज सुरू झाली. भंडारा, आण, डोळा. ती म्हणायची, "मोतीबिंदू हाय. सरकारी डाक्टर म्हनला. खंडोबाला एवढाच धंदा हाय व्हय, म्हातारीच्या डोळ्यात सारवायचा?" पण कुजबुज थांबली नाही. तिला सांगलीला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. माझं माहेर त्या बाजूचं, म्हणून मी बरोबर गेले. तेव्हा आणीबाणी होती. सांगलीच्या स्टँडवर मोठी पाटी होती, कमी बोला, जास्त काम करा. मी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मी दोन्ही लय करती. त्यास्नी कळव."

जाताना येष्टीत मी तिला विचारलंच. इस्लामपूर सोडलं होतं, दोन्ही बाजूंना ऊस होता.

"आत्या, कडू व्हतं."

ती खिडकीबाहेर चांगल्या डोळ्याने ऊस बघत होती. "व्हय. हळद कडूच असती."

"मग भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. न वाटाय मी काय दगूड हाय? आदल्या रात्री त्याच्याम्होरं बसली. म्हनलं, उद्या मी खोटं बोलनार हाय. गाव आन मोडंल. सगळं माझ्या नावावर मांड, बायांच्या पोराबाळांस्नी हात लावू नगंस. तुझं नाव घिऊन तुझ्याच उंबऱ्यात दमदाटी झाली तवा तू गप बसलास. आता बी गप बस."

"आनि?"

"गप बसलाय की आजपतूर." मग म्हणाली, "तुमच्याकडं पानी लय हाय गं. मानसं सुधारली का त्यानं?"

मी म्हटलं नाही.

"मला वाटलंच," ती म्हणाली.

डोळा बरा झाला. जाड भिंगाचा चष्मा लागला. त्यातून तिचे डोळे म्हशीएवढे दिसायचे, आणि पूर्वी तिचं बोलणं टाळणारे आता तिची नजरही टाळायला लागले.

ती कशी गेली ते सांगत नाही. सगळे जातात तशीच गेली. मला आठवते ती पुढच्या निवडणुकीची सकाळ. मतदान शाळेत होतं आणि शाळेची वाट देवळावरून जाते. या खेपेला सुभेदार सरपंच होता, आणि देवळाच्या पायरीवर त्याची माणसं उभी. दिराचा मुलगा भंडाऱ्याचं ताट धरून. मतदानाला जाणाऱ्या प्रत्येकाने चिमूटभर घ्यायचा आणि सुभेदाराचं नाव घ्यायचं. आम्ही बायांनी रांग धरली होती. कुणी नाही म्हणत नव्हतं.

बनूआत्या मागून आली, डोक्यावर पत्रावळ्यांचा भारा, मतदान करून तशीच बाजाराला जायची होती. तोंडात काड्या. रांग सोडून ती सरळ ताटाजवळ गेली. काड्या काढल्या, पदरात ठेवल्या. ताटात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटून, चव घेतात तशी चव घेतली. दिराच्या मुलाच्या हातातलं ताट आता कापायला लागलं.

तिने आमच्या रांगेकडे तोंड केलं, त्या जाड भिंगांतून एकेकीकडे पाहिलं.

"बेसन हाय गं पोरींनो," ती म्हणाली. "घ्या हवं तेवढं."

आणि डोक्यावरचा भारा सावरत, ओठाला पिवळी हळद तशीच लागलेली, शाळेच्या वाटेला लागली.